पाचवा लागला, आता झिंकचं काय?

अगं, झिंक ५८ आलं आणि शेजारी ठळक अक्षरात ‘लो’ छापलं, एवढ्यावरून तू रात्रभर जागी? आधी काहीतरी खाऊन घे बघू. काल उरलेली भाकरी ताकात कुस्करून खा, दूध-पोळी खा, काहीही खा. उपाशीपोटी रिपोर्ट वाचायचा नसतो, हा माझा पहिला नियम.

आता ऐक. लॅबच्या कागदावर ७० चा जो खालचा आकडा छापलेला असतो ना, तो पोटुशी नसलेल्या बाईचा, तेही तिनं सकाळी उपाशीपोटी रक्त दिलं असेल तर. तुझा नव्हे. दिवस राहिले की अंगातलं रक्त वाढतं, त्यातही पाण्याचा भाग जास्त वाढतो. जस्त, म्हणजे झिंकच, वाहून नेणारं अल्ब्युमिन हे प्रथिन त्यात विरळ होतं, आणि थोडं जस्त बाळाकडं जातं ते वेगळंच. म्हणून गरोदर बायकांचा हा आकडा खाली येतोच येतो. या विषयातले तज्ज्ञ पहिल्या तीन महिन्यांत ५६ आणि त्यानंतर ५० मायक्रोग्रॅमच्या खाली गेलं तरच कमी म्हणतात. तुला पाचवा लागलाय आणि तू ५८ वर आहेस. तू पोटुशी आहेस हे लॅबच्या कॉम्प्युटरला कुणी सांगितलंच नव्हतं, एवढीच भानगड. त्यातून रक्त दिलंस ते दुपारी जेवून. जेवणानंतर हा आकडा उतरतो, सर्दी-ताप असला तरी उतरतो. नेहमीच्या गरोदरपणाच्या तपासण्यांत झिंक धरत नाहीत ते याचमुळं. डॉक्टरांना कागद जरूर दाखव, पण रडत रडत जाऊ नकोस.

मिरजेत राहायचं म्हणजे हे असंच गं. वानलेस साहेबांनी १८९४ साली इथं मिशन हॉस्पिटल काढलं तेव्हापासून आपलं गाव दवाखान्यांचंच झालं. १९६२ पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. कर्नाटकातून, कोकणातून माणसं इथं उपचाराला येतात आणि आपण गल्लीच्या तोंडाशी आलो की एका हाताला लॅब, दुसऱ्या हाताला मेडिकल. सोय आहे, नाही कोण म्हणतंय? पण सोय असली की नको त्या तपासण्याही हातासरशी होतात, आणि मग शेजारीण तिच्या बहिणीच्या उरलेल्या झिंकच्या गोळ्यांचं पाकीट आणून देते. तू ते पाकीट अजून उघडलं नसशील अशी आशा आहे. उघडलं असलंस तरी ओरडत नाही, पुढचं वाचून मग ठरव.

पण रिपोर्ट बाजूला ठेवला म्हणजे झिंक बाजूला ठेवलं असं नाही हं. ते लागतंच, आणि तुझ्या या दिवसांत थोडं जास्त लागतं. का लागतं ते एकदा नीट समजून घे, म्हणजे कुणीही काहीही सांगितलं तरी घाबरणार नाहीस.

माणसाला जस्त कमी पडू शकतं हे जगाला कळलं ते एका बिहारी डॉक्टरमुळं. आनंद प्रसाद त्यांचं नाव, बक्सरचे. १९५८ साली ते इराणमध्ये शिराझला होते. तिथं त्यांच्यासमोर एकवीस वर्षांचा एक मुलगा आला, दिसायला जेमतेम दहाचा. उंची खुंटलेली, दाढी-मिशी नाही, वयात आल्याची एकही खूण नाही. खाणं काय, तर न आंबवलेली गव्हाची रोटी, आणि जोडीला माती. हो, माती. तसे आणखीही रुग्ण मिळाले. पुढं इजिप्तमध्ये काम करताना प्रसादांनी दाखवून दिलं की जस्त दिलं की अशी मुलं वाढतात आणि वयात येतात. म्हणजे बघ, हे काही नुसतं हाडा-केसांचं प्रकरण नव्हे. जस्त नाही तर शरीरातल्या हार्मोन्सचा निरोपच पोचत नाही.

निरोप कसा पोचतो ते सांगते. तुझ्या अंगात आत्ता इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन नुसते धो धो वाहताहेत. थायरॉइडचं हार्मोन आहे, कॉर्टिसॉल आहे. ही सगळी पेशीत शिरून आपापल्या ठरलेल्या प्रथिनाला जाऊन भेटतात, आणि ते प्रथिन मग जनुकांवर बसून काम चालू करतं. त्या प्रथिनाचा जो भाग जनुकाला धरतो, तो जस्ताच्या अणूभोवती दुमडलेला असतो. जस्त नसेल तर तो नीट दुमडत नाही, आणि पकडही येत नाही. बाळाच्या पेशी तर दिवसरात्र दुप्पट-चौपट होताहेत, त्या प्रत्येक वेळी जस्तावर चालणारी एन्झाइम्स कामाला लागतात. अशी एन्झाइम्स शरीरात तीनशेच्या वर आहेत.

आणि आता तुझ्या खऱ्या काळजीचा विषय, साखर. तुझ्या आईला डायबेटिस आहे ना? मग हे जरा सावकाश वाच. आपल्या स्वादुपिंडात इन्सुलिन बनतं ते लगेच रक्तात सोडलं जात नाही, आधी साठवून ठेवलं जातं. सहा इन्सुलिन आणि जस्ताचे दोन अणू अशी वळकटी बांधून ते पेशीत रचलेलं असतं. जेवलीस, साखर वाढली, की वळकटी सुटते आणि इन्सुलिन मोकळं होऊन कामाला लागतं. डायबेटिसच्या इंजेक्शनातल्या इन्सुलिनमध्येसुद्धा जस्त असतं, माहीत होतं तुला? मला मुळीच नव्हतं.

गरोदरपणाच्या दुसऱ्या अर्ध्यात वारेतून येणारी हार्मोन्स मुद्दाम इन्सुलिनचा जोर कमी करतात, बाळाला साखर पुरावी म्हणून. मग आईच्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन करावं लागतं. बहुतेकींना जमतं, काहींना जमत नाही, आणि त्यांना गरोदरपणातला डायबेटिस होतो. झिंक कमी असलं तर या कामात अडचण येईल असं वाटणं साहजिक आहे. इराणमध्ये काही छोट्या चाचण्या झाल्या, अशा बायकांना काही आठवडे झिंक दिलं तर उपाशीपोटीची साखर थोडी उतरली. पण त्या चाचण्या छोट्या, दिवस थोडे. त्यावर विसंबून मेडिकलमधून गोळी आणायची नाही. साखरेची धास्ती असेल तर साखरच तपास. आपल्याकडं पद्धत सोपी आहे: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, जेवलेली असलीस तरी चालतं, आणि दोन तासांनी रक्त द्यायचं. १४० किंवा वर आली तर डॉक्टर पुढचं बघतात. पहिल्या भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. तुझी दुसरी वेळ जवळ आलीय. सरकारी दवाखान्यात महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी फुकट असते, तिथंही होईल. पाणी प्यायल्यावर मळमळेल, तर थोडं लिंबू पिळून चालेल का ते तिथल्या सिस्टरला विचार, आणि दोन तास बसायला कुणाला तरी सोबत ने. एकटी बसलीस की मोबाईल काढशील आणि नको ते वाचशील.

खरं सांगू का, आईच्या खाण्याचा बाळाच्या पुढच्या आयुष्याशी किती संबंध आहे हे जगाला शिकवण्यात आपल्या महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायकांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या बायका, सरासरी वजन बेचाळीस किलोच्या आसपास. त्यांची बाळं जन्मली साधारण २.७ किलोची, आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. यात नवल काही नाही, म्हणशील. नवल पुढंच आहे. आपली बाळं हाडकुळी होती, स्नायू कमी होते, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून होती. किडमिडीत दिसणारी, आतून चरबी धरलेली. हीच पुढं डायबेटिसकडं झुकतात.

आणि कुठल्या आयांची बाळं जास्त भरली? ज्या बायका पालेभाजी, फळं आणि दूध वरचेवर घेत होत्या त्यांची. आगारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी २००१ साली हे मांडलं. नुसत्या पोटभर खाण्यापेक्षा काय खाल्लं याचा संबंध जास्त दिसला. पुढं दिसलं की त्या खेड्यांतल्या दोन तृतीयांश बायकांना बी१२ कमी होतं, आणि ज्यांचं बी१२ कमी पण फोलेट भरपूर होतं त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची खूण सगळ्यात जास्त होती. यात झिंकबद्दल काही सिद्ध झालं असं मी म्हणत नाही, तूही कुणाला सांगू नकोस. झिंकचा माग हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं उंदरांवर काढला: गाभण उंदरिणींना जस्त कमी दिलं तर पिल्लांच्या अंगात चरबीचा वाटा वाढला आणि साखर दिल्यावर इन्सुलिनचा प्रतिसाद कमी दिसला. उंदीर तो उंदीरच, तू माणूस आहेस. पण दिशा एकच दिसते. एकाच गोळीत सगळं नसतं, आणि एखाद्या घटकाची फार ओढाताण झाली तर ती बाळाच्या शरीरात कुठंतरी नोंदली जाते.

आता या नोंदण्याबिंदण्याच्या गोष्टीनं तुझं काळीज धडधडायला लागलं असेल, तर थांब. नोंद होते ती महिनोन्महिन्यांच्या ओढाताणीची, तुझ्या चार दिवसांच्या ओकाऱ्यांची नव्हे. पहिल्या तीन महिन्यांत तू चहा-बिस्किटांवर राहिलीस ना? मी तर पहिल्या खेपेला भडंगावर दिवस काढले, वरून कांदा आणि लिंबू, आणि कुणी भाजीचं नाव काढलं की दार लावून घ्यायची. पोरगं धडधाकट आहे, आता माझ्याच डब्यातलं भडंग संपवतं.

आता पुन्हा झिंककडं येऊ. तुझ्या सासऱ्यांना विचार, त्यांना झिंक कळतं. मळणगावला असो, म्हैसाळला असो, ऊस लावणारा प्रत्येक माणूस झिंक सल्फेटचं पोतं ओळखतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारसच आहे, कमतरता असलेल्या जमिनीत उसाला हेक्टरी वीस किलो झिंक सल्फेट, शेणखतात मुरवून. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत जस्त असलं तरी पिकाच्या मुळांना सहज मिळत नाही. पान पिवळं पडलं की मामंजी लगेच दुकान गाठतात, आणि घरातली सून पिवळी पडली की ‘या दिवसांत असंच असतं’ म्हणतात. जाऊ दे, आज त्यांच्याशी भांडायचं नाहीये. पण जमिनीत नाही तर धान्यात कमी, आणि धान्यात कमी तर आपल्या ताटात कमी, हे खरं आहे.

म्हणून ताटाचा हिशोब करूया. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०२० साली गरोदर बाईला दिवसाला १४.५ मिलिग्रॅम जस्त सांगितलंय. अमेरिकेत ११ सांगतात. आपलं जास्त का, तर आपण धान्य-डाळींवर जगतो आणि त्यांतलं जस्त आतड्यातून कमी शोषलं जातं. घाबरू नकोस, १४.५ हा आकडा जवळजवळ सगळ्या बायकांना पुरावा म्हणून मुद्दाम वर ठेवलेला आहे, मध्यम गरज बाराच्या आसपास आहे.

तीन शाळूच्या भाकरी खाल्ल्यास तर साडेतीन मिलिग्रॅम आलं. वाटीभर मटकीची उसळ, एक. तुरीची आमटी आणि थोडा भात मिळून दीड. मूठभर शेंगदाणे, एक. दोन कप दूध किंवा दही, सव्वा. चमचाभर तिळाची चटणी, पाऊण. झाले नऊ. नुसतं आपलं रोजचं साधं जेवण. आता यात दोन भाकरी बाजरीच्या केल्यास तर एक वाढलं, कारण ज्वारीत शंभर ग्रॅमला दोन मिलिग्रॅमच्या आसपास, बाजरीत पावणेतीन, आणि तांदळात जेमतेम एक-सव्वा. तिळाची चटणी दोन चमचे कर, तिळात सातच्या वर असतं. दुपारी मूठभर फुटाणे, वर लाल भोपळ्याच्या बिया भाजून. पावणेतेरापर्यंत पोचलीस की नाही? मटण खाणाऱ्या घरात शंभर ग्रॅम मटणातून चार-एक मिलिग्रॅम मिळतं, आणि ते शोषलंही जास्त जातं. आठवड्यातून एकदा-दोनदा नीट शिजवलेलं मटण, आणि रस्सा सगळ्यांनी ओरपायचा आणि तुकडे पुरुषांनी खायचे ही पद्धत या नऊ महिन्यांपुरती तरी बंद. तुकडे तुझ्या ताटात, आत्याबाईंना मी सांगते हवं तर.

तुला आठवतंय, भोगीच्या दिवशी आपण काय करतो? तीळ लावून बाजरीची भाकरी, आणि घेवडा, ओला हरभरा, गाजर, वांगं, शेंगदाणे, तिळाचं कूट घातलेली ती भाजी. कुणीतरी झिंकचा तक्ता समोर ठेवून केल्यासारखं ताट आहे ते. वर्षातून एकदाच कशाला करायचं? जत, कवठेमहांकाळकडची बाजरी तर आपल्या बाजारात मिळतेच.

आणखी एक ऐक, हे तुझ्या नवऱ्याला सांग, शेती त्याच्याकडं आहे. राहुरीच्या विद्यापीठानं इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर काढलेली ‘धनशक्ती’ बाजरी आहे, लोह आणि जस्त जास्त असलेली. परभणीच्या विद्यापीठानं ‘परभणी शक्ती’ नावाची ज्वारी काढली २०१८ साली. पुण्याच्या आगारकर संस्थेचा ‘एमएसीएस ४०२८’ गहू आहे, किलोला चाळीस मिलिग्रॅम जस्ताचा. घरच्या खाण्यापुरतं चार गुंठे तरी लावायला सांग. उसाच्या कडेला जागा नाही म्हणून सांगेल, ऐकू नकोस.

धान्यातलं जस्त अंगी लागत नाही त्याला कारण त्यातलं फायटेट. बियाण्यानं स्वतःसाठी साठवलेला फॉस्फरसचा साठा तो, आणि तो जस्ताला घट्ट धरून ठेवतो. शिराझच्या त्या न आंबवलेल्या रोटीत तोच होता. तोडायचा कसा, तर आपल्या आज्यांना ठाऊक होतं तसा: भिजवून, मोड आणून, आंबवून. कडधान्य रात्री भिजत घाल, पाणी ओतून दे, मोड येऊ दे, आणि गरोदरपणात मोडाची उसळ कच्ची नाही, शिजवूनच खा. नाचणीचं किंवा ज्वारीचं आंबील कर. इडली-डोसे कर, आपण तर कर्नाटकाच्या दारात बसलोय. हुलग्याचं माडगं करायचं तर हुलगे आधी मोड आणून वाळवून दळ. हे सगळं रोज करायचं नाही गं बाई, तू नोकरीला जातेस, मला माहीत आहे. रविवारी मटकी, चवळी, मूग एकदम भिजव, मोड आले की डब्यांतून फ्रीजमध्ये. एक काम आठवड्यातून एकदा. बाकी नवऱ्याला दोन हात आहेत.

आता गोळ्यांचं. यात खरी गंमत आहे, नीट लक्ष दे. सरकारी दवाखान्यातली लाल गोळी, साठ मिलिग्रॅम लोह आणि पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची, ती चौथ्या महिन्यापासून रोज. ती बंद करायची नाही, कुणी काहीही सांगो. लोहाची मोठी मात्रा उपाशीपोटी झिंकबरोबर पडली तर दोघं एकाच दारातून शिरायला धडपडतात आणि झिंक मागं पडतं. जेवणाबरोबर असेल तर तेवढं नाही. कॅल्शियमची गोळी आणखी वेगळी, लोहाच्या गोळीबरोबर कधीच नाही. म्हणून असं कर: कॅल्शियम सकाळच्या नाश्त्यानंतर आणि संध्याकाळी खाऊन, लोह रात्री जेवून तासाभरानं. डॉक्टरांनी वेगळ्या वेळा सांगितल्या असतील तर त्यांच्याच पाळायच्या, माझ्या नाहीत. आणि गोळीवर चहा नको. मी तोंडाची चव जावी म्हणून लोहाची गोळी थेट चहाबरोबर गिळायची, आणि वर हिमोग्लोबिन का वाढत नाही म्हणून डॉक्टरांशी वाद घालायची.

तुझ्या शेजारणीनं दिलेलं ते पाकीट आण बघू. उलटं कर. त्यावर ‘झिंक सल्फेट मोनोहायड्रेट ६१.८ मिलिग्रॅम’ असं काहीतरी असेल. ते मिठाचं वजन झालं, त्यात प्रत्यक्ष जस्त साडेबावीस मिलिग्रॅम. दुसऱ्या एखाद्या डब्यावर सरळ ‘झिंक १५’ लिहिलेलं असतं, ते जस्तच. आता तुझी डॉक्टरांनी दिलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी, त्यात झिंक. प्रोटीन पावडर, त्यात झिंक. वर हे पाकीट. सगळं मिळून चाळीसच्या वर गेलं की ते जास्त. मळमळ वाढते, तोंडाला धातूची चव येते, आणि बरेच दिवस चाललं तर तांबं शोषलं जात नाही, मग वेगळाच अशक्तपणा. भाचीला जुलाब झाले तेव्हाच्या वीस मिलिग्रॅमच्या विरघळणाऱ्या गोळ्याही तुझ्या कपाटात असतील, त्या तिच्यासाठी होत्या, तुझ्यासाठी नाहीत. आणि वैद्याला न विचारता जसद भस्म तर नाहीच नाही. भस्म कुणी, कसं केलंय याचा भरवसा पोटुशा बाईनं चुकूनही धरू नये.

मग झिंकच्या गोळ्यांचा उपयोग तरी होतो का, असं तू विचारणारच. बघ, जगभरच्या पंचवीस चाचण्या, अठरा हजारांवर बायका, असा एकत्र आढावा २०२१ साली कोक्रेनच्या लोकांनी घेतला. आधीच्या आढाव्यांत वेळेआधी बाळंत होणं थोडं कमी झाल्यासारखं दिसलं होतं, या नव्या आढाव्यात फारसा फरक उरला नाही. बाळाच्या वजनातही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१६ च्या मार्गदर्शनात म्हटलंय की वेगळी झिंकची गोळी संशोधनापुरतीच द्यावी, सरसकट नको. माझं मत विचारशील तर ते योग्यच आहे. उपासमार असेल, सारखे जुलाब होत असतील, पोटाचं ऑपरेशन झालेलं असेल, तर डॉक्टर मुद्दाम देतात, त्यांना देऊ दे. तुझ्यासारखीला ताट आणि डॉक्टरांनी लिहिलेली एकच गोळी पुरे.

एक नाजूक प्रश्न. माती खावीशी वाटते का? भिंतीचा पोपडा, खडू, पाटीवरची पेन्सिल, कोरडे तांदूळ? वाटत असेल तर लाजू नकोस, बाजारात भाजकी माती विकायला असते ती उगीच नाही. पण शिराझच्या त्या मुलाचं आठव. माती आतड्यात लोह आणि जस्त दोन्ही अडवते, आणि त्यात शिसं असलं तर बाळाला धोका. अशी इच्छा पुष्कळदा लोह कमी असल्याची खूण असते. डॉक्टरांना ‘मला माती खावीशी वाटते’ असं सरळ सांग, ते अजिबात हसणार नाहीत, हिमोग्लोबिन बघतील. आत्याबाई डोहाळे म्हणून कौतुकानं आणून देत असतील तर त्यांना म्हणावं, त्याऐवजी चिंच द्या.

केस गळताहेत ते झिंकमुळं का, तोंडाची चव गेलीय ती झिंकमुळं का, असलं सगळं या महिन्यांत कशामुळंही होतं. एकेका खुणेवरून एकेक खनिज शोधत बसलीस तर बाळ कॉलेजात जाईल. बी१२ आणि थायरॉइड मात्र झालं नसेल तर विचारून घे, तुझं रोजचं जेवण शाकाहारीच असतं आणि दूधही तुला फार आवडत नाही. दही चालतं ना? मग दोन वाट्या दही.

पुढच्या भेटीला जाशील तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, पावडरचा डबासुद्धा, एका पिशवीत घालून ने आणि टेबलावर मांड. या सगळ्यांत मिळून झिंक किती, लोह किती, कुठली कधी घेऊ, आणि ग्लुकोजच्या तपासणीला कुठल्या तारखेला येऊ, एवढं त्यांच्याकडून कागदावर लिहून घे. मग तो कागद फ्रीजवर चिकटव आणि मला फोटो पाठव. रात्री साडेअकराला नको, मी दहाला झोपते.